हवापाण्याची पैसेवारी

(कोरडवाहू कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या मांडवा येथील अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पैसेवारी म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. महसूल खात्याची माणसं येतात, गावातले चार प्लॉट निवडतात, पीक कापून वजन करतात आणि कागदावर आकडा पडतो. पन्नास पैशांच्या आत आला तर दुष्काळ, वर गेला तर सुकाळ. आभाळ तेच, रान तेच, करपलेली ज्वारी तीच. पण प्लॉट ओढ्याकाठचा निवडला की बरड माळावरचा, यावर साऱ्या गावाचं वर्षाचं नशीब ठरतं. कापसाचं तसंच. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर मुठीत कापूस धरून प्रत सांगायचा. आज सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र गंजीत खुपसतात. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, बारापर्यंत कपात, त्यावर गाडी परत. यंत्र गंजीच्या पोटात खुपसलं की कडेला, हे बघायला गाडीवाला तिथे उभा असतो म्हणून ठीक आहे.

आज बोलायचं आहे ते अशाच एका पैसेवारीबद्दल. कोणता देश स्वच्छ, कोणतं शहर घाणेरडं, कोणती नदी मेली आणि कोणता किनारा चांगला, याचे नंबर लावायची आता रीतच पडली आहे. पेपरात ते छापून येतात, सत्कार होतात, बक्षिसं वाटतात, कधी कारखान्यांवर बंदीही येते. आणि या सगळ्यात गंजीजवळ आपला माणूस उभा नसतो.

जगाचा नंबर आधी सांगून टाकू. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात देशांची अशी यादी करतात. २०२२ साली तिच्यात १८० देश होते आणि भारताचा नंबर होता १८०. सगळ्यांत शेवट. भारत सरकारनं ही यादी अमान्य केली. अंदाजावर आणि अशास्त्रीय पद्धतीवर आकडे बेतले आहेत असं सांगितलं. २०२४ साली आपण १७६ वर आलो. दोन वर्षांत आपल्या गावात काय सुधारलं, हे तुम्हीच सांगा. या यादीवर आम्ही जास्त बोलत नाही. डेन्मार्क आणि झरी जामणीला एकाच तराजूत घालायचा उद्योग विद्यापीठात बसूनच करता येतो.

आपल्या देशातली यादी जास्त महत्त्वाची, कारण तिच्यामागे कायदा उभा राहतो. २००९ सालच्या डिसेंबरात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ८८ औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. या गुणांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सेपी’ म्हणतात. शंभरपैकी जितके गुण जास्त, तितकी घाण जास्त. सत्तरच्या वर गेलेली ४३ क्षेत्रं ‘अतिप्रदूषित’ ठरली. त्यात गुजरातचं अंकलेश्वर पहिलं आणि आपलं चंद्रपूर चौथं, ८३.८८ गुण. शिवाय डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. जानेवारी २०१० मध्ये केंद्रानं या ४३ ठिकाणच्या नव्या प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी थांबवली. मग कृती आराखड्यांचे कागद सादर झाले आणि पुष्कळ ठिकाणची बंदी उठली. २०१८ साली पुन्हा मोजलं, तेव्हा तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिलं आलं. आराखड्याचे कागद आणि तारापूरचे नाले यांची गाठ पडली नसावी.

तरीही या ‘सेपी’मधली एक गोष्ट आम्हाला पटते. हवा, पाणी आणि जमीन यांचे गुण वेगवेगळे काढतात, पण शेवटी सरासरी काढत नाहीत. तिन्हींत जे सगळ्यांत वाईट, त्याचा आकडा धरतात आणि बाकी दोहोंमुळे त्यात भर घालतात. हे बरोबर आहे. विहिरीत विष असेल आणि हवा निर्मळ असेल, तर सरासरीनं माणूस अर्धाच मरतो असं होत नाही.

न पटणारी गोष्टही त्यातच आहे. आधी ८८ औद्योगिक क्षेत्रं निवडली आणि मग मोजलं. जे गाव औद्योगिक क्षेत्रात नाही, त्याला चांगला किंवा वाईट कोणताच नंबर नाही. शिवाय आसपास माणसं किती राहतात, यालाही गुण होते. माणसं विरळ, तर गुण कमी. म्हणजे तीच राख लाख वस्तीच्या शहरावर पडली तर ती जास्त राख आणि पाचशे उंबऱ्यांच्या गावावर पडली तर कमी. शहाणे लोक याला शास्त्र म्हणतात. आपल्या पराटीवर पडलेली काजळी धरून तर कुठेच गुण नाहीत.

नद्यांची यादी वेगळी. २०१८ साली केंद्रीय मंडळानं देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्राचे, म्हणजे देशात सगळ्यांत जास्त. अकोल्याची मोर्णा त्यात आहे, अमरावतीची पेढी आहे, पैनगंगा आहे. इकडच्या रायगडच्या कुंडलिका, पाताळगंगा, सावित्री आहेत. आता महाराष्ट्र सगळ्यांत घाणेरडा म्हणून पहिला, की इथे पाणी मोजायची ठिकाणं जास्त म्हणून पहिला? दोन्हींचा वाटा आहे. जिथे बाटली बुडवली जात नाही, तिथली नदी कागदावर गंगाजळासारखी स्वच्छ राहते.

अमरावतीचा पहिला नंबर

आता हवेकडे या. २०१९ साली केंद्रानं शहरांची हवा सुधारायचा कार्यक्रम काढला. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मापात बसत नाही त्यांची यादी झाली. तिच्यात मुंबई-पुण्याबरोबर आपल्या पट्ट्यातली अकोला, अमरावती, जालना, लातूर, जळगाव, चंद्रपूर ही नावं आहेत. त्यानंतर या शहरांत दरवर्षी स्पर्धा लागते. तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत २०२३ साली अमरावती देशात पहिली आली. २०२५ साली पुन्हा पहिली. अमरावतीकरांचं कौतुक आहे. रस्ते झाडले, झाडं लावली, कचरा जाळणं थांबवलं, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही.

पण या परीक्षेची प्रश्नपत्रिका बघा. दोनशे गुणांचा पेपर. रस्त्याच्या धुळीसाठी काय केलं, कचऱ्यासाठी काय केलं, वाहनांसाठी, कारखान्यांसाठी काय केलं, यांना जवळजवळ सगळे गुण. आणि हवेतली धूळ प्रत्यक्षात किती घटली? त्याला शेकडा अडीच. औत किती फिरवलं याला साडेसत्त्याण्णव आणि पीक किती आलं याला अडीच, असा हा हिशेब. आपल्या पोरानं अशी प्रगतिपुस्तिका घरी आणली असती, तर आपण मास्तरांना जाऊन विचारलं असतं.

आता दुसरा कागद. केंद्रीय भूजल मंडळानं २०२४ सालचा भूजल गुणवत्तेचा अहवाल काढला. विहिरी आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट फार आहे अशा देशातल्या १५ जिल्ह्यांची नावं त्यात आली. पंधरापैकी सात महाराष्ट्राचे. नावं ऐका: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. ही नावं वाचताना आम्हाला वाटलं की कुणीतरी चुकून कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांचा तक्ता इथे चिकटवला आहे. चूक नव्हती.

म्हणजे एकच अमरावती. शहर हवेत पहिलं म्हणून ढोल वाजले, आणि त्याच जिल्ह्याचं पाणी देशातल्या सगळ्यांत वाईट पंधरांत. पहिली बातमी तुमच्यापर्यंत आली. दुसरी किती जणांनी ऐकली होती, हात वर करा. बघा, एवढ्या मंडपात चार हात.

बारा नावांत नसलेलं विष

हवेचा आकडा काढतात म्हणजे काय मोजतात, तेही समजून घ्या. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रानं हवेची मापं ठरवली. त्यात बारा गोष्टी आहेत. बारीक धूळ, अतिबारीक धूळ, गंधकाचा धूर, नत्राचा धूर, ओझोन, शिसं, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझिन, बेंझोपायरीन, आर्सेनिक आणि निकेल. बस्स. या बारांत कीटकनाशक एकही नाही.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवाऱ्याचा तुषार तोंडावर आणि छातीवर येत होता. त्या दिवसांत त्या रानातली हवा देशात सगळ्यांत विषारी होती असं आम्ही म्हटलं, तर ते कुणाला खोडता येणार नाही आणि आम्हालाही सिद्ध करता येणार नाही. कारण तिथे मीटर नव्हता आणि असता तरी त्या बारा नावांत हे विष नव्हतं. कोणत्याही यादीत २०१७ सालच्या यवतमाळच्या हवेचा आकडा वर सरकलेला दिसणार नाही. माणसं मेली, पण प्रदूषण झालं नाही. तो ‘वापरातला निष्काळजीपणा’ ठरला.

उलट उन्हाळ्यात आपल्या मोकळ्या रानावरून वावटळ उठते, ती माती शहरातल्या यंत्रात बारीक धूळ म्हणून बरोबर मोजली जाते. आपलं रान शहराला घाण करतं, याची नोंद आहे. आपल्या रानात काय होतं, याची नाही.

मांडव्याची तपासणी

तुम्ही विचाराल, मग हे शिबिर मांडव्याला कशाला? शेकडो किलोमीटरचा प्रवास करून समुद्र बघायला? समुद्र बघा, त्यात काही वाईट नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो काल पहिल्यांदा पाहिला. पण समुद्राच्या पलीकडे बघा. त्या इमारती मुंबईच्या. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत बसलं की तासाभरात मांडवा. ही सोय मार्च २०२० मध्ये सुरू झाली. सडकेनं आलात तर पेण-वडखळला वळसा घालून शंभरेक किलोमीटर. मुंबईच्या इतक्या जवळ असल्यामुळे या किनाऱ्याला जितक्या वेळा नंबर लागला, तितका क्वचितच कुठल्या किनाऱ्याला लागला असेल. आणि दर वेळी नंबर लावणारा त्या पलीकडच्या काठावर उभा होता.

मांडव्यापासून दक्षिणेला आवास, किहीम आणि मग थळ. सत्तरच्या दशकाच्या शेवटी थळ-वायशेतला खताचा मोठा कारखाना घालायचं ठरलं. बॉम्बे हायचा वायू मिळाला होता, त्यापासून अमोनिया आणि युरिया करायचा. मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी जोराची हरकत घेतली: मुंबईच्या समोर एवढा रासायनिक कारखाना नको. हा वाद देशभर गाजला. डॅरिल डिमॉन्टे या पत्रकारांनी १९८५ साली पुस्तक लिहून देशातल्या तीन वादांची हकिकत मांडली, त्यात केरळची सायलेंट व्हॅली, मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तिसरं आपलं थळ. त्याच १९८५ साली कारखाना सुरूही झाला. हरकत घेणारी माणसं प्रामाणिक होती, अभ्यासू होती. पण वाद पेटला तो मुंबईच्या दारात कारखाना येतो म्हणून. तोच कारखाना चंद्रपुरात निघाला असता, तर पुस्तकात तिसरं प्रकरण आलं असतं का, याची आम्हाला शंका आहे.

पुढे जानेवारी १९८९ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली. रेवदंड्याच्या खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंत, भरतीच्या रेषेपासून एक किलोमीटरच्या पट्ट्यात, पर्यटन सोडून इतर उद्योगांना बंदी. म्हणजे रेवदंड्याच्या दक्षिणेचा किनारा ‘जपायचा’ आणि उत्तरेचा, ज्यात थळ आणि मांडवा येतात, तो या बंदीच्या बाहेर. मग १९९१ साली सगळ्या देशाच्या किनाऱ्याला वर्ग पडले. २०१९ च्या नियमात तर गावाची वस्ती दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट असेल तर बांधकामबंदीचा पट्टा पन्नास मीटर आणि विरळ असेल तर दोनशे मीटर, असं ठरलं. आणि २०२५ साली अलिबागच्या खालच्या नागावच्या किनाऱ्याला परदेशी संस्थेचा ‘निळा झेंडा’ मिळाला. पोहणाऱ्यांसाठी पाणी चांगलं, संडास आहेत, कचरा उचलतात, म्हणून. चांगलंच आहे. कोळ्याच्या जाळ्यात मासळी किती येते, याला त्यात गुण नसतात.

या नंबरांचा मांडव्याला पैसा मिळाला, हे मान्य केलं पाहिजे. इथली हवा आता गुंठ्यावर विकली जाते. ज्यानं जमीन राखली त्याला सोन्याचा भाव, ज्यानं आधी विकली तो बंगल्यावर राखणदार. हा तालुका मुळात असा भोळा नव्हे. १९३३ साली याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला आणि वर्षानुवर्षं खोतांची जमीन पेरली नाही. पण हवेची किंमत ठरवणारा पलीकडच्या काठावर बसलेला असला की अंदाज चुकतो.

गोणीचा पुढचा प्रवास

आता थळचा आणि आपला संबंध. ‘उज्ज्वला’ छापाची युरियाची गोणी तुमच्यापैकी कुणी फोडली नाही? ती याच किनाऱ्यावरून निघते. कारखान्याच्या धुराड्यातून काय निघतं, नाल्यातून काय निघतं, याची मापं ठरलेली आहेत, यंत्रं आहेत, मंडळाचा अधिकारी आहे. गोणी फाटकातून बाहेर पडली की मोजणं संपलं.

४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो नत्र असतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीवर युरिया वरून फेकला आणि माती नुसती ओली झाली, की त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. जोराचा पाऊस झाला तर नायट्रेट होऊन खाली उतरतो. साधारणपणे अर्धंही नत्र पिकाच्या पोटात जात नाही. उडालेला अमोनिया त्या बारा नावांत आहे, पण मीटर शहरात आहे. खाली उतरलेलं नायट्रेट आपल्या फुटक्या कातळातून थेट विहिरीत जातं.

सगळं नायट्रेट युरियाचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. विहिरीला लागून उकिरडा, गोठ्याचं मूत, संडासाचे शोषखड्डे, यांचाही वाटा मोठा आहे. पण युरिया एवढा का ओतला जातो? शेतकरी अडाणी म्हणून नव्हे. २०१० सालापासून सरकारनं स्फुरद-पालाशाचे भाव मोकळे सोडले आणि युरियाचा भाव बांधून ठेवला. २६६ रुपये ५० पैसे गोणी. डीएपीची गोणी तिच्या पाचपट. कापसाला भाव नसताना ज्याच्या खिशात तीनशे रुपये आहेत तो कोणती गोणी घेईल? हा प्रयोग सरकारनं केला आणि त्याचा निकाल आपल्या विहिरीत निघाला.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. त्यावर गेलं तर सगळ्यांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, विशेषतः वरचं दूध पाण्यात कालवून पाजलं जातं त्याला. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. मायबहिणींनी नीट ऐका: पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून जात नाही, क्लोरीन टाकून जात नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. ज्याला परवडतं तो वीस लिटरचा जार घेतो. ज्याला परवडत नाही त्याच्या घरातलं बाळ तान्हं असतं.

तेव्हा यादी खोटी म्हणून फाडून टाका, असं आम्ही सांगत नाही. चंद्रपूरला आकडा होता म्हणून निदान काही काळ मंजुऱ्या थांबल्या. नागावला आकडा होता म्हणून झेंडा लागला. आपल्याला आकडा नाही, म्हणून आपल्यासाठी काहीच थांबत नाही आणि काहीच लागत नाही. सात जिल्ह्यांची नावं आली, पण जिल्ह्याचं नाव म्हणजे काही विहीर नव्हे. तुमच्या गावची कोणती विहीर पंचेचाळीसच्या वर आहे, हे त्या अहवालातून कळत नाही.

ते काढायला दिल्लीची गरज नाही. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं आहे आणि तपासणीची पेटी ग्रामपंचायतीला द्यायची आहे. त्या पेटीत नायट्रेटची तपासणी असते. गावाला गेलात की पहिल्यांदा विचारा: आपल्या गावच्या त्या पाच जणी कोण? पेटी कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ती ग्रामसेवकाच्या कपाटात सीलबंद सापडेल. ती उघडायला लावा. ज्या विहिरीचा रंग वर जाईल तिचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या आणि पोच घ्या.

एक साधी दोनशे पानी वही करा. तारीख, विहीर की बोअर, खोली, शेजारी उकिरडा किंवा शोषखड्डा आहे का, वरच्या रानात कोणतं पीक, त्या वर्षी युरियाच्या किती गोण्या, आणि आकडा. फवारणीच्या दिवसांत त्याच वहीच्या मागल्या बाजूला कुणाला भोवळ आली, कुणाला उलट्या झाल्या, कोणतं औषध होतं, दवाखान्याचा कागद आहे का, तेही लिहा. पहिली तपासणी मृगाच्या आधी, दुसरी दिवाळीनंतर. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावानं वही आणायची आहे. ज्या गावाची वही नसेल त्यानं पेटी का उघडली नाही याचं ग्रामपंचायतीचं लेखी उत्तर आणायचं आहे. परतीची बोट साडेचारला आहे, त्याआधी जिल्हावार याद्या टेबलावर लिहून द्या.